अडतीस नंबर

पहाटे पाच. उणे एकोणीस.
नार्वामधल्या एका पाचमजली इमारतीसमोर
मी उष्णता टिपणारा कॅमेरा घेऊन उभा, मिशीत बर्फ.
घरं झोपेतच खरं बोलतात;
दिवसा ऊन मध्ये पडतं आणि साक्ष बिघडवतं.

पडद्यावर सगळे मजले पेटलेले.
पॅनेलच्या सांध्यांवर लाल शिवण,
खिडक्यांच्या कडांना पिवळे ओघळ,
जिन्याचं दार तर उघड्या भट्टीसारखं.
गावाबाहेर तेलखडक जाळणारी चिमणी
रात्रभर राबते,
आणि तिची निम्मी कमाई ही इमारत
रस्त्यावर उधळून टाकते.
दानशूर म्हणावं, तर ऊब कुणालाच पोचत नाही;
तारेवरचे कावळेसुद्धा थंडीने फुगून बसलेले.

फक्त चौथ्या मजल्यावर, कोपऱ्यात,
एक चौकोन गर्द निळा.
प्रोग्रॅमने आपसूक लिहिलं:
फ्लॅट अडतीस. गळती नगण्य. स्थिती उत्तम.
मी खाली सही केली.
वाटलं, कुणीतरी आतून झकास काम करून घेतलंय,
बघून यावं.

दार उघडलं क्लाव्दिया साव्हेल्येव्हनाने.
दोन स्वेटर, वर नवऱ्याचा ओव्हरकोट,
बोलताना तोंडातून वाफ.
रेडिएटर चार हिवाळ्यांपूर्वी फुटला.
प्लंबरने नळी कापली, टोक बंद केलं,
पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला.
खोलीत आता फक्त पलंग आणि बुरशी.
ती राहते स्वयंपाकघरात, शेगडीला चिकटून,
दोन स्टुलांवर टाकलेल्या फळीवर.
सांगितलं का नाही कुणाला?
"कर्जाच्या ठरावाला सभेत मीच आडवी गेले होते.
मग कुठल्या तोंडाने?"

ऊबच नाही, तिथून गळणार काय!
मी ती ओळ खोडली.
आजवर अशी किती निळी घरं
उत्तम म्हणून नोंदवली असतील मी,
कुणास ठाऊक.

सभा पुन्हा भरली, शाळेच्या व्यायामशाळेत.
गेन्नादी म्हणाला, पाडा हे खोकं, नवं बांधा.
रायसा अध्यक्ष; तिने वहीतून मान वर न करता सांगितलं:
या काँक्रीटचा धूर सदुसष्ट सालीच आकाशात गेला,
तो काही कुणी परत आणून देत नाही.
नव्याचा धूर वेगळा लागेल.
त्यापेक्षा आहे त्यालाच अंगडं-टोपडं शिवा.
मग तासभर भांडण बाल्कन्यांवरून,
काकडीच्या बरण्या काम चालू असताना ठेवायच्या कुठे.
शेवटी क्लाव्दियाने हात वर केला.
कोटाची बाही कोपरापर्यंत घसरली.
कुणीच काही बोललं नाही.

जूनमध्ये ट्रकवरून भिंती आल्या.
लाकडी चौकटी, खिडक्या आधीच बसवलेल्या,
पोटात जुन्या वर्तमानपत्रांचा भुगा:
कुठल्याशा निवडणुका, कुणाकुणाचे मृत्युलेख,
आता थंडी अडवायच्या कामाला लागलेले.
क्रेन एकेक भिंत अलगद चढवत होती,
म्हाताऱ्याचा हात बाहीत घालावा तशी,
तो कुरकुरतो, तरी.

यंदा जानेवारीत परत गेलो. उणे बावीस.
पडदाभर निळं.
या रंगावर मी आता सहज विश्वास ठेवत नाही.
उजाडल्यावर एकूण एक दार वाजवलं.
गेन्नादी बनियनवर होता,
नव्या नळाची चकती फिरवून दाखवत होता
जसा काही त्यानेच शोध लावला.

मात्र अडतीस नंबरला पहाटे
पिवळी रेघ दिसली होती, खिडकीच्या फटीतून.
ती अजून स्वयंपाकघरातच झोपते.
खोली उबदार आहे, पण फार मोठी वाटते, म्हणाली.
आणि खिडकी?
"चार वर्षं फटींत चिंध्या कोंबत होते.
आता रोज पहाटे जराशी उघडते.
बाहेरची हवा कशी असते, विसरलेच होते मी."

जिन्यात उभं राहून मी लिहिलं:
फ्लॅट अडतीस. गळती किंचित.
दुरुस्तीची गरज नाही.